आजची बातमी आणि अडीचशे वर्षांपूर्वीचे प्रश्न

3 डिसेंबर 2024 ची रात्र. दक्षिण कोरियात साडेदहा वाजायला आले होते आणि राष्ट्राध्यक्ष यून सुक-यॉल अचानक टीव्हीवर आले. विरोधक उत्तर कोरियाला सामील आहेत, संसदेने सरकारचे हातपाय बांधून ठेवलेत, म्हणून देशात लष्करी कायदा लागू करतोय, असं त्यांनी जाहीर केलं. थोड्याच वेळात लष्कराचा पहिला हुकूम निघाला. संसदेसकट सगळ्या राजकीय हालचाली बंद, वर्तमानपत्रं आणि वाहिन्या लष्कराच्या नियंत्रणाखाली. सोलमधल्या संसदेच्या आवारात हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरू लागले.

कोरियाच्या राज्यघटनेच्या 77व्या कलमात एक तरतूद आहे. संसदेच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मागणी केली, तर राष्ट्राध्यक्षाला लष्करी कायदा मागे घ्यावाच लागतो. सदस्य 300. म्हणजे 151 जण सभागृहात पोचायला हवे होते, आणि फाटकांवर पोलिसांचा पहारा. सदुसष्ट वर्षांचे सभापती वू वॉन-शिक कुंपणावर चढून आत गेले. विरोधी पक्षनेते ली जे-म्युंग यांनीही कुंपण ओलांडलं, तेही मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करत. आत संसदेच्या कर्मचाऱ्यांनी सोफे, टेबलं, खुर्च्या ओढून दारांना लावल्या आणि घुसू पाहणाऱ्या सैनिकांवर आग विझवायच्या नळकांड्यांतली पावडर फवारली. बाहेर सामान्य माणसं लष्करी गाड्यांसमोर उभी राहिली. रात्री एकच्या सुमारास मतदान झालं : ठरावाच्या बाजूने 190, विरोधात शून्य. त्या 190 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे 18 खासदार होते. पहाटे साडेचारच्या सुमारास यून यांनी हुकूम मागे घेतला.

अशी बातमी वाचताना आपला पहिला प्रश्न बहुधा माणसाबद्दल असतो. हा यून कसा माणूस आहे? डावा की उजवा, अमेरिकेच्या बाजूचा की चीनच्या? मोंतेस्क्यू नावाच्या फ्रेंच माणसाने मात्र वेगळा प्रश्न विचारला असता : त्याला अडवायची सोय काय होती, आणि ती चालली का?

हा मोंतेस्क्यू आणि त्याच्या आगेमागे होऊन गेलेले लॉक, व्हॉल्तेअर, ह्यूम, अ‍ॅडम स्मिथ, बेकारिया, कांट, मेरी वोल्स्टनक्राफ्ट ही सगळी मंडळी युरोपच्या ज्ञानोदय युगातली, म्हणजे एन्लायटनमेंटमधली. साधारण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा हा काळ. त्यांचं आपसात अजिबात पटत नसे. रूसो आणि व्हॉल्तेअर तर एकमेकांचे वैरीच. पण एका बाबतीत सगळे एकाच वाटेवर होते. राजा म्हणतो, धर्मगुरू म्हणतो किंवा पूर्वीपासून चालत आलंय, एवढ्यावर कोणतीच गोष्ट खरी किंवा न्याय्य ठरत नाही, कारण द्यावं लागतं, पुरावा दाखवावा लागतो. त्यांची बरीच उत्तरं आज शिळी झाली आहेत, आणि काही तर लाज वाटावी अशी आहेत. पण त्यांचे प्रश्न घेऊन बातमी वाचायला बसलं की ती वेगळी दिसते, हा माझा ठाम अनुभव आहे.

मोंतेस्क्यू स्वतः बोर्दोच्या न्यायालयात न्यायाधीश होता, त्यामुळे सत्ता आतून कशी चालते ते त्याने पाहिलेलं होतं. 1748 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात तो म्हणतो की ज्याच्या हाती सत्ता येते तो ती हद्दीपर्यंत ताणून बघतोच, हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून रचनाच अशी हवी की एका सत्तेने दुसरीला रोखावं. कायदे करणारे, ते राबवणारे आणि निवाडा देणारे वेगवेगळे हवेत. चांगला राजा मिळावा अशी आस धरून बसण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता. वाईट माणूस खुर्चीत आला तरी नुकसान मर्यादेत राहील, ही त्याची काळजी.

कोरियाची पुढची गोष्ट म्हणजे या रचनेची परीक्षाच होती. 7 डिसेंबरला महाभियोगाचा पहिला प्रयत्न फसला, कारण सत्ताधारी पक्षाचे जवळजवळ सगळे सदस्य सभागृहातून निघून गेले आणि मतसंख्या भरली नाही. आठवड्याने, 14 तारखेला, 204 मतांनी ठराव संमत झाला. मग प्रकरण घटना न्यायालयाकडे गेलं आणि 4 एप्रिल 2025 रोजी न्यायाधीशांनी एकमताने यून यांना पदावरून दूर केलं. त्या निकालात एक महत्त्वाचं निरीक्षण आहे : संसदेला इतक्या लवकर ठराव करता आला तो नागरिकांच्या प्रतिकारामुळे आणि सैनिकांनी हुकमाची अंमलबजावणी हात राखून केल्यामुळे. मोंतेस्क्यूच्या मांडणीत जे जरासं सुटतं ते इथे सापडतं. 77वं कलम स्वतः कुंपणावर चढत नाही. कोरियाच्या लोकांना 1980 साली ग्वांगजू शहरात लष्कराने केलेला संहार आठवत होता, म्हणून त्या थंडीत ते रात्री घराबाहेर पडले.

आता याच्या उलटी बातमी घ्या. मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर हा चिमुकला देश. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे 2015 साली तिथे दर लाख लोकांमागे शंभराहून अधिक खून होत होते. जगात असे आकडे फार थोड्या ठिकाणी होते. दुकानदार, बसवाले, फेरीवाले सगळ्यांना टोळ्यांना खंडणी द्यावी लागे. मार्च 2022 मध्ये एकाच दिवसात 62 खून झाले आणि राष्ट्राध्यक्ष नायीब बुकेले यांनी आणीबाणी लागू केली. ती दर महिन्याला वाढवत नेली. 80 हजारांहून जास्त लोकांना अटक झाली. 40 हजार कैद्यांसाठी सेकोत नावाचा अवाढव्य तुरुंग बांधला. 2023 मध्ये असा कायदा झाला की एका वेळी शेकडो आरोपींचा एकत्रच खटला चालवता येईल. आणि खून? सरकारी आकड्यांनुसार 2024 मध्ये ते दर लाखामागे दोनच्याही खाली आले. बुकेले प्रचंड लोकप्रिय आहेत, आणि ते का, हे समजायला अवघड नाही. मूल संध्याकाळी खेळायला गेलं तर जिवंत परत येईल, हा विश्वास लोकांना पहिल्यांदाच मिळाला.

ही बातमी बेकारियाला खरोखर अडचणीत टाकते, म्हणूनच ती त्याच्यासमोर ठेवली पाहिजे. चेझारे बेकारिया मिलानचा. 1764 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने गुन्हा आणि शिक्षा या विषयावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं आणि भीतीपोटी ते निनावी छापलं. त्या काळी चाकाला बांधून हाडं मोडणं, कबुलीसाठी छळ करणं, हे सगळं कायदेशीर होतं. बेकारियाने विचारलं, शिक्षा कशासाठी? झालेला गुन्हा तर पुसला जात नाही. पुढचे गुन्हे टळावेत म्हणूनच ना? मग शिक्षेची क्रूरता कामाची नाही, पकडलं जाण्याची खात्री कामाची. शिक्षा सौम्य असली तरी चालेल, पण ती चुकता कामा नये आणि लवकर व्हायला हवी.

एल साल्वादोरमधल्या यशाचं एक कारण बेकारियाच्याच शब्दांत सांगता येतं : टोळीवाल्यांना पकडलं जाण्याची खात्री वाटू लागली. पण ही खात्री सरकारने कशी मिळवली? संशय आला की उचला. अंगावर गोंदण दिसलं, निनावी फोन आला, पुरे झालं. हजारो लोकांना नंतर निर्दोष म्हणून सोडावं लागल्याचं सरकारच सांगतं. जे अजून आत आहेत त्यांत आणखी किती निर्दोष आहेत हे शोधायची यंत्रणाच उरलेली नाही. आणि इथे मोंतेस्क्यू पुन्हा येतो. आणीबाणीच्या जवळजवळ वर्षभर आधी, मे 2021 मध्ये, बुकेले यांच्या बहुमताच्या संसदेने घटनापीठाचे न्यायाधीश आणि महाधिवक्ता यांना एका फटक्यात काढून टाकलं होतं. जुलै 2025 मध्ये त्याच संसदेने राष्ट्राध्यक्षाला कितीही वेळा निवडणूक लढवायची मुभा दिली. तारखा क्रमाने लावून पाहिल्या की आधी काय गेलं आणि मग काय आलं ते कळतं. टोळ्यांचा बंदोबस्त करू नये असं कोण म्हणेल? प्रश्न एवढाच आहे की उद्या बुकेले चुकले, किंवा त्यांच्यानंतर आलेला कोणी चुकला, तर त्याला थांबवणारं त्या देशात कोण उरलंय.

बेकारियाच्या पुस्तकातला छळाबद्दलचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो म्हणतो, छळ करून सत्य बाहेर येत नाही. दणकट गुन्हेगार सोसतो आणि सुटतो, अशक्त निर्दोष माणूस कबूल करून मरतो. हे अठराव्या शतकातलं वाटतं ना? जपानमध्ये 26 सप्टेंबर 2024 रोजी शिझुओका जिल्हा न्यायालयाने इवाओ हाकामादा यांना निर्दोष ठरवलं. तेव्हा ते 88 वर्षांचे होते. जगात सर्वाधिक काळ फाशीच्या छायेत जगलेला कैदी म्हणून त्यांची नोंद आहे.

हाकामादा एकेकाळचे व्यावसायिक मुष्टियोद्धे, पुढे मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागले. 1966 साली त्यांचे वरिष्ठ आणि त्यांच्या कुटुंबातले तिघे, अशी चार माणसं भोसकून मारली गेली आणि घर पेटवलं गेलं. पोलिसांनी हाकामादांना धरलं, रोज बारा-बारा तास चौकशी केली, आणि तीन आठवडे उलटता उलटता त्यांनी कबुली दिली. न्यायालयात ती त्यांनी नाकारली. मग घटनेनंतर वर्षभराहून अधिक काळाने मिसोच्या एका टाकीत रक्ताने माखलेले पाच कपडे सापडले. पँट त्यांना होतच नव्हती. 1968 मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली. बहीण हिदेको यांनी लढा सोडला नाही. वकिलांनी प्रयोग करून दाखवलं की वर्षभर मिसोत बुडालेलं रक्त काळपट तपकिरी होतं, आणि कपड्यांवरचे डाग तर लालसर होते. शेवटी न्यायालयाने म्हटलं की पुरावे तपास यंत्रणेने बनवले होते, आणि ती कबुलीसुद्धा अमानुष चौकशीतून उभी केलेली होती. मूळ खटल्यातल्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने 2007 मध्येच जाहीर सांगितलं होतं की माझ्या मते हा माणूस निर्दोष होता, पण बाकीच्या दोघांपुढे माझं चाललं नाही. 2025 मध्ये हाकामादांना सुमारे 21 कोटी 70 लाख येन भरपाई मिळाली. तोवर त्यांचं मन इतकं खचलं होतं की निकाल ऐकायला ते न्यायालयातही जाऊ शकले नाहीत, हिदेको गेल्या.

ही बातमी व्हॉल्तेअरने वाचली असती तर त्याला झाँ कालास आठवला असता. तुलूज शहरातला हा प्रॉटेस्टंट कापडव्यापारी. 1761 च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा मोठा मुलगा घरातच मेलेला सापडला. बाहेर जमलेल्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं की पोरगा कॅथलिक होणार होता, म्हणून बापानेच मारलं. पुरावा काहीच नव्हता. पण शहर कॅथलिक, कालास अल्पसंख्य, आणि आवई सगळ्यांना पटण्यासारखी. मार्च 1762 मध्ये कालासला छळून, चाकावर हाडं मोडून मारलं. शेवटपर्यंत तो मी निर्दोष आहे असंच म्हणत राहिला. व्हॉल्तेअर तेव्हा जिनिव्हाजवळ राहत होता. सुरुवातीला त्यालाही कालास दोषी असावा असं वाटलं. मग त्याने कागदपत्रं मागवली, कुटुंबाला भेटला, पत्रांमागून पत्रं लिहिली, पैसे जमवले, राजाच्या दरबारापर्यंत प्रकरण नेलं. तीन वर्षांनी, 9 मार्च 1765 ला, कालास निर्दोष ठरला. व्हॉल्तेअरला आज आपण टोमणे मारणारा, धर्माची टिंगल करणारा लेखक म्हणून ओळखतो. मला तो सर्वात मोठा वाटतो तो इथे, एका मेलेल्या, अनोळखी कापडव्यापाऱ्यासाठी कागद गोळा करताना.

तुलूजच्या गर्दीतल्या त्या आरोळीचा वेग आता वाढलाय एवढंच. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं, ते झालेलं नव्हतं. व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून दोन्ही देशांत फिरत होती. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1748 मध्ये चमत्कारांबद्दल लिहिताना साधी कसोटी दिली होती. कोणी अघटित सांगितलं तर दोन शक्यता तोलाव्यात : ते खरोखर घडलं असण्याची, आणि सांगणारा चुकतोय किंवा फसवतोय याची. जी कमी अशक्य वाटते ती धरावी. आणि जी गोष्ट ऐकायला आपल्याला फार आवडते, तिच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावं, कारण आश्चर्याचा आनंदच माणसाला भुलवतो असं तो बजावतो. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याची रोजच गरज पडते.

अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथबद्दल थोडक्यात. 2 एप्रिल 2025 रोजी ट्रम्प यांनी जवळजवळ सगळ्या जगावर आयात शुल्क लादलं. कोणत्या देशावर किती, हे ठरवण्याचं सूत्र असं की त्या देशाशी असलेली व्यापारी तूट भागिले तिथून होणारी आयात, आणि त्याच्या निम्मं. माणूस राहत नाही अशी हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटंही यादीत आली. ऑगस्टच्या अखेरीस भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर गेलं आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या पोटावर त्याची झळ पोचली. दुसऱ्या देशाशी व्यापारात तूट आहे म्हणजे तो आपल्याला लुटतोय, ही समजूत स्मिथने 1776 मध्येच खोडली होती. शुल्काची किंमत देशातला ग्राहक भरतो आणि फायदा मूठभर उत्पादकांना होतो, म्हणून असे कायदे मागायला कोण येतं ते बघा, हा त्याचा सल्ला. जशास तसं शुल्क लावावं का? समोरचा माघार घेईल अशी शक्यता असेल तरच, नाहीतर आपल्याच लोकांना दुसऱ्यांदा भुर्दंड. हाच स्मिथ पुढे स्कॉटलंडमध्ये सीमाशुल्क आयुक्त झाला. शुल्क मुळातच नको असं त्याचं म्हणणं नव्हतं, आणि देशाच्या संरक्षणासाठी व्यापारावर बंधनं घालणं त्याला मान्य होतं.

आता कांट, कारण त्याच्या बाबतीत तर भूगोलच बातमी झालाय. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट जवळजवळ जन्मभर राहिला ते क्योनिग्सबर्ग शहर आज रशियात आहे, नाव कालिनिनग्राद. पोलंड आणि लिथुआनियाच्या मध्ये अडकलेला रशियाचा हा तुकडा. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीला लागून कांटची समाधी आहे आणि विद्यापीठाला त्याचं नाव आहे. 2018 मध्ये विमानतळाला कांटचं नाव द्यायची मागणी पुढे येताच त्याच्या पुतळ्यावर रंग फेकला गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये तर कालिनिनग्रादच्या तत्कालीन राज्यपालांनी युक्रेनमधल्या संघर्षाशी कांटचा थेट संबंध जोडला, पाश्चात्त्य जगाच्या बिघडलेल्या नीतीची मुळं त्याच्यात आहेत म्हणून. त्याच वर्षी 22 एप्रिलला कांटची तीनशेवी जयंती होती. कांटच्या अभ्यासकांचं जागतिक अधिवेशन त्याच्या गावात भरणार होतं, ते युद्धामुळे जर्मनीतल्या बॉन शहरात न्यावं लागलं.

कांटने 1795 साली चिरंतन शांततेवर एक निबंध लिहिला, तहाच्या मसुद्यासारखा, कलमं पाडून. त्यातल्या सुरुवातीच्या कलमांपैकी चार आजच्या बातम्यांशेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. पुढच्या युद्धाची तयारी मनात गुप्त ठेवून केलेला तह हा तहच नव्हे, तो नुसता युद्धविराम. कोणतंही स्वतंत्र राज्य, लहान असो की मोठं, वारशाने, अदलाबदलीने, विकत किंवा भेट म्हणून दुसऱ्याने घेऊ नये, कारण राज्य म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे, माणसांचा समाज आहे. कोणत्याही राज्याने दुसऱ्याच्या राज्यव्यवस्थेत बळाने ढवळाढवळ करू नये. युद्ध चालू असतानाही असं काही करू नये की पुढे परस्परविश्वासच अशक्य होईल.

अमेरिकेला ग्रीनलंड हवंय ही बातमी दुसऱ्या कलमासमोर ठेवा. तिथल्या छप्पन्न-सत्तावन्न हजार माणसांना विचारायच्या आधी किमतीची चर्चा सुरू झाली, हे कांटला सर्वात जास्त खटकलं असतं. युक्रेन तर चारही कलमांत सापडतो. 1994 मध्ये बुडापेस्टमध्ये युक्रेनने अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर राखायची लेखी ग्वाही दिली. 2014 मध्ये रशियाने क्रायमिया घेतला. मग मिन्स्कमध्ये युद्धविरामाचे दोन करार झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये पूर्ण आक्रमण. युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटींची बातमी आली की युक्रेनचे लोक सुरक्षेच्या हमीवर एवढे का अडून बसतात, असं अनेकांना वाटतं. त्यामागे पहिलं कलम आहे. युद्धविराम त्यांनी पाहिलेत, त्यांना तह हवाय.

त्याच निबंधाच्या शेवटी कांट आणखी एक कसोटी देतो, ती मी बातम्या वाचताना सगळ्यात जास्त वापरतो. इतरांच्या हक्कांवर परिणाम करणारी कृती ज्या तत्त्वाने करताय, ते तत्त्व जाहीर सांगितलं तर बेत फसेल अशी स्थिती असेल, तर ती कृती अन्याय्य आहे. रशियाने मार्च 2022 मध्ये कायदा करून लष्कराबद्दल 'खोटी माहिती' पसरवणं गुन्हा ठरवलं. सरकारी नाव 'विशेष लष्करी कारवाई', तिला युद्ध म्हणणारे लोक तुरुंगात गेले. जे सरकार आपल्या कृतीचं नाव उघड घेऊ देत नाही, त्याबद्दल या कसोटीने लगेच निकाल लागतो. आणि ती एकट्या रशियाला लागत नाही. 2003 मध्ये इराकवर हल्ला करताना अमेरिका आणि ब्रिटनने सामूहिक संहाराच्या अस्त्रांचं कारण दिलं, ती अस्त्रं सापडली नाहीत. निवडणूक रोखे कोणी कोणाला दिले हे लपवून ठेवणारी आपल्याकडची योजना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये घटनाबाह्य ठरवली, ती मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भंग होतो म्हणून.

याच निबंधात हिंदुस्थानही आहे. युरोपियन लोकांना परक्या भूमीवर जायचा हक्क आहे का, यावर कांट म्हणतो, पाहुणा म्हणून जायचा आहे, जिंकायचा नाही. व्यापारी वखारींच्या नावाखाली त्यांनी हिंदुस्थानात परकं सैन्य आणलं आणि जुलूम, युद्धं, दुष्काळ, विश्वासघात पसरवला, हे त्याने स्पष्ट लिहिलंय, तेही ईस्ट इंडिया कंपनी भरात असताना. मात्र याच कांटने आधीच्या लिखाणात माणसांची वंशांनुसार उतरंड लावली आणि गोऱ्यांना वर बसवलं. सहिष्णुतेवर आणि माणसाच्या नैसर्गिक हक्कांवर लिहिणाऱ्या लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. त्यांच्या काळात सगळेच तसे होते म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण सगळे तसे नव्हते. फ्रान्समध्ये कोंदोर्सेने 1781 मध्येच गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलं होतं.

बायकांच्या बाबतीत तोच हिशेब इंग्रज लेखिका मेरी वोल्स्टनक्राफ्टने 1792 मध्ये मागितला. फ्रान्समध्ये सगळ्यांच्या शिक्षणाची योजना आखणाऱ्या तालेराँने मुलींचं शिकणं थोडक्यात आटोपलं, तेव्हा तिने आपलं पुस्तक त्यालाच अर्पण करून विचारलं की विवेकबुद्धी बायकांनाही असेल, तर पुरुषालाच एकट्याला न्यायाधीश कोणी केलं? बायका दुबळ्या दिसतात त्या शिकवण दुबळी दिल्यामुळे, आणि तो दुबळेपणा दाखवूनच पुन्हा शिकवण नाकारली जाते, हे चक्र तिने उघडं पाडलं. अफगाणिस्तानात तालिबानने 2021 पासून मुलींना माध्यमिक शाळा बंद केली, डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठंही. 8 जुलै 2025 रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर आणि सरन्यायाधीशावर अटकेचं वॉरंट काढलं, आरोप लिंगाच्या आधारावर छळ केल्याचा. तिच्या प्रश्नाला न्यायालयाचं दार मिळायला सव्वादोनशेहून अधिक वर्षं लागली.

आपल्याकडे हे प्रश्न इंग्रजी सत्तेने पदरात टाकले असं कोणी म्हणतं तेव्हा जोतीराव फुले आठवावेत. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं, 1848 मध्ये सावित्रीबाईंसह पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहून ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पेनने राजाला विचारलेले प्रश्न फुल्यांनी जातीला विचारले. इंग्रज सरकारलाही ते सोडत नव्हते.

कॅरिबियन समुद्रातल्या हैतीने तर हे प्रश्न फार आधी आणि फार मोठी किंमत देऊन विचारले. 1789 मध्ये पॅरिसमध्ये जाहीरनामा निघाला की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. त्या वेळी फ्रान्सच्या सँ-दोमँग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यांवर साडेचार-पाच लाख गुलाम राबत होते. 1791 मध्ये ते उठले. 1794 मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. 1802 मध्ये नेपोलियनने ती परत आणायला सैन्य पाठवलं, ते हरलं. 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. 1825 मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून अट घातली : मान्यता हवी तर मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी 15 कोटी फ्रँक द्या. त्या नुकसानीत माणसंही मोजलेली होती. म्हणजे पूर्वीच्या गुलामांनी स्वतःचीच किंमत मालकांना द्यायची. पुढे रक्कम 9 कोटींवर आणली, पण ती फेडायला हैतीला फ्रेंच बँकांकडून कर्ज काढावं लागलं, आणि त्या देण्याचा शेवटचा हप्ता 1947 मध्ये फिटला.

आज हैतीची बातमी येते ती टोळ्यांची. राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईज यांचा जुलै 2021 मध्ये घरात घुसून खून झाला, राजधानी पोर्त-ओ-प्रँसचा बहुतांश भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेला, आणि बातमी 'अपयशी राष्ट्र' या दोन शब्दांवर संपते. यात हैतीच्या राज्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे, विसाव्या शतकात दुवालिये या हुकूमशहा बापलेकांनी देश लुटलाही. पण 122 वर्षं हप्ते भरत राहिलेल्या देशाने त्या काळात शाळा, रस्ते, न्यायालयं कुठल्या पैशातून उभारायची होती? 17 एप्रिल 2025 रोजी, 1825 च्या त्या फर्मानाला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी फ्रेंच आणि हैतीच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमायचं जाहीर केलं आणि हैतीवर अन्याय झाल्याचं मान्य केलं. पैसे परत करण्याबद्दल मात्र त्यांनी काही कबूल केलं नाही. हैतीतले लोक तेच मागत आहेत, आणि 1789 च्या जाहीरनाम्यातल्या सतराव्या कलमावर बोट ठेवून ते मागता येतं : योग्य भरपाई आधी दिल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही.